सांगड

सांगड हा शब्द आपण रोज वापरतो. शेती आणि जोडधंद्याची सांगड, जुन्याची आणि नव्याची सांगड. भाषणात पुढारी कशाची सांगड कशाशी घालतील याचा नेम नाही. पण सांगड ही मुळात वस्तू कोणती, असं शाळकरी पोरांना विचारलं तर गप्प बसतात. त्यांचा दोष नाही. नदीवर पूल झाले आणि ती वस्तू दिसायची बंद झाली.

सांगड म्हणजे पाण्यावर तरंगायचं साधन. दोन वाळलेले मोठे भोपळे, दोन ओंडके नाहीतर दोन डोणी शेजारी-शेजारी घ्यायच्या, वर आडव्या काठ्या टाकायच्या आणि दोरानं आवळून बांधायच्या. एकटा भोपळा माणसाखाली गरगर फिरतो, एकटी डोण एका बाजूला कलते. तेच दोन लांब ठेवून बांधले की एक कलायला लागला तर दुसरा त्याला धरून ठेवतो. बैलगाडीची दोन चाकं एकमेकाला चिकटून बसवली तर गाडी पहिल्या खड्ड्यात उलटेल, लांब आहेत म्हणून चालते. तेच गणित पाण्यावर.

आमच्या कृष्णाकाठाला सांगडीशिवाय आणखी एक साधन होतं, गुळाची काहील. गुऱ्हाळ संपलं की चुलवाणावरची काहील घासून नदीत सोडायची आणि माणसं, शेळ्या, वैरण पैलतीराला न्यायची. काहील गोल, त्यामुळं ती पुढं जाण्यापेक्षा स्वतःभोवतीच जास्त फिरायची. तरी माणसं जायची, कारण पलीकडं शेत असायचं.

ही सगळी आठवण निघाली ती एका परदेशी जोडप्यामुळं. पुतण्या बोटीवर नोकरीला आहे. सुट्टीला आला तेव्हा त्यानं जेम्स वॉरम आणि रूथ या दोघांची गोष्ट सांगितली, चित्रं दाखवली. माझं इंग्रजी दहावीपुरतं. त्यामुळं तो वाचायचा, मी थांबवून विचारायचो. पाच-सहा संध्याकाळी आमच्या त्यातच गेल्या. ऐकताना सारखं वाटायचं, ही माणसं हजारो मैल लांबची, पण करत होती ती सांगडच.

इंग्रजीत अशा जोडनावेला कॅटॅमरान म्हणतात. हा शब्द इंग्रजांचा नव्हे, तमिळ कोळ्यांचा आहे. तमिळमध्ये कट्टु म्हणजे बांधणं आणि मरम म्हणजे झाड, लाकूड. कट्टुमरम म्हणजे बांधलेली लाकडं. मद्रासच्या किनाऱ्याला कोळी तीन-चार ओंडके काथ्यानं बांधून त्यावर बसून खवळलेल्या लाटेत जात. इंग्रजांनी ते बघितलं, शब्द उचलला, आणि पुढं दोन अंगांच्या नावेला तेच नाव चिकटवलं. खरं म्हणजे कट्टुमरम हा तराफा आहे, त्याला दोन अंगं नसतात. पण एकदा दफ्तरात चुकीचं नाव लागलं की ते निघत नाही, हे आपल्याला तलाठ्याच्या कृपेनं ठाऊक आहेच. आपल्या कोकणात रत्नागिरी-मालवणकडं होडीच्या एका बाजूला लांब आडव्या काठ्या काढून टोकाला ओंडका बांधतात, त्याला उलांडी म्हणतात. ती या कुळातली जवळची बहीण.

आता मूळ गोष्ट.

जेम्स वॉरम हा मँचेस्टरचा. जन्म १९२८ चा. बाप घरं बांधायच्या धंद्यातला, पोरानंही तेच करावं ही त्याची इच्छा. पोराचं लक्ष डोंगर चढण्यात आणि वाचनात. मँचेस्टरच्या ग्रंथालयात त्याच्या हाती एरिक द बिशप नावाच्या फ्रेंच खलाशाचं पुस्तक पडलं. या बिशपनं आपल्या जोडीदाराबरोबर हवाई बेटावर एक जोडनाव बांधली, तिचं नाव ‘कैमिलोआ’, आणि १९३७-३८ मध्ये ती वल्हवत नव्हे तर शिडावर आफ्रिकेला वळसा घालून थेट फ्रान्सपर्यंत नेली. ते वाचून वॉरमच्या डोक्यात किडा शिरला. तो ग्रंथालयं आणि वस्तुसंग्रहालयं धुंडाळत पॅसिफिक महासागरातल्या बेटकऱ्यांच्या नावा कशा असत, त्याची टिपणं आणि आकडे जमवायला लागला.

त्या काळी एक मोठा वाद चालू होता. पॅसिफिकमध्ये हजारो मैलांवर विखुरलेली बेटं आहेत आणि त्यांतल्या कितीतरी बेटांवर माणसं राहतात. ती तिथं पोचली कशी? नॉर्वेचा थोर हेयरडाल १९४७ मध्ये ‘कॉन-टिकी’ नावाच्या तराफ्यावरून दक्षिण अमेरिकेतून तिकडं गेला आणि म्हणाला, माणसं अशी वाऱ्याबरोबर वाहत आली. दुसरे म्हणत, वाट चुकली, वादळात सापडली, नशिबानं बेटाला लागली. म्हणजे काहीही म्हणा, पण ती माणसं स्वतःच्या अक्कलहुशारीनं, स्वतःच्या नावा हाकत, ठरवून गेली असतील, हे मान्य करायला शिकलेले लोक सहज तयार नव्हते. त्यांच्याकडं लोखंड नाही, खिळा नाही, लिहायला अक्षर नाही. दोरानं बांधलेल्या लाकडावर महासागर ओलांडला असं कसं म्हणायचं?

मला हा वाद ओळखीचा वाटला. आमच्या आज्यानं पावसाचा अंदाज मुंग्यांच्या अंड्यांवरून सांगितला तर तो अडाणीपणा, आणि तेच कुणी इंग्रजीत लिहिलं की अभ्यास. असो.

वॉरमचं म्हणणं होतं, वाद कशाला, नाव बांधून बघू. त्याच्याजवळ पैसा नव्हता. नावा बांधायचं शिक्षण नव्हतं. पण रूथ होती.

रूथ मर्सेबुर्गर ही जर्मन बाई, वॉरमपेक्षा वयानं मोठी. तरुणपण सगळं महायुद्धात गेलेलं. लढाईनंतरच्या त्या दिवसांत इंग्रज पोरगा आणि जर्मन बाई एकत्र, ही गोष्टच लोकांना खटकणारी. त्यात दोघांनी ठरवलं काय, तर समुद्रात जायचं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याला ब्राइटलिंगसी नावाचं गाव आहे, तिथं १९५३-५४ मध्ये त्यांनी नाव बांधली. लांबी साडेतेवीस फूट. आपल्या दोन बैलगाड्या एकामागं एक लावल्या तर जेवढी होईल त्याच्या आसपास. दोन अरुंद, सपाट तळाच्या, लांबट पेट्यांसारख्या डोणी आणि वर आडवी लाकडं. नाव ठेवलं ‘तांगारोआ’. पॅसिफिकच्या बेटांवर हा समुद्राचा देव.

हे घडायला काळही जुळून आला होता. पूर्वी समुद्रातली नाव बांधायची म्हणजे जाड फळ्या, त्या वाफेवर वाकवायच्या, पिढीजात सुतार लागायचा. दुसऱ्या महायुद्धात मात्र पाण्याला दाद न देणारं प्लायवूड आणि पक्की चिकट यांची मोठी प्रगती झाली. इंग्रजांनी ‘मॉस्किटो’ नावाचं अख्खं लढाऊ विमान लाकडाचं आणि प्लायवूडचं केलं, आणि त्याचे भाग खुर्च्या-टेबलं करणाऱ्या कारखान्यांतून बनवून घेतले. लढाई संपली. विमानं थांबली, पण ते प्लायवूड आणि ती चिकट बाजारात राहिली. जे काम सात पिढ्यांच्या सुताराला लागायचं ते आता करवत, रंधा आणि धीर असलेल्या माणसाला जमण्याजोगं झालं. लढाईतून चांगलं फार थोडं निघतं, त्यातलं हे एक.

१९५५ मध्ये ‘तांगारोआ’ फाल्मथ बंदरातून निघाली. नावेत वॉरम, रूथ आणि युटा नावाची आणखी एक जर्मन पोरगी, विशीच्या आतली. दोन बायका आणि एक पुरुष असा तो संसार होता. मी पुतण्याकडं बघितलं, तो म्हणाला, ‘काका, तिघांच्या संमतीनं होतं.’ मग मी पुढं विचारलं नाही. त्यांच्या उंबऱ्याच्या आत डोकवायचं आपल्याला कारण नाही. आपण नाव बघू.

इंग्लंडमधल्या शिडाच्या नावांच्या जाणकारांना ही दोन पेट्यांची वस्तू म्हणजे थट्टा वाटत होती. त्यांच्या मते खरी नाव एकाच अंगाची, खाली शिसं नाहीतर लोखंड भरून जड केलेली. वाऱ्यानं कलली की त्या वजनानं परत सरळ व्हायची. बाहुलीच्या बुडाला वजन असतं तसं. जोडनावेत ते वजन नाहीच. ती उभी राहते रुंदीवर. जाणकार म्हणत, उलटली की संपलं. त्यांचं हे म्हणणं खोटं नव्हतं. मोठ्या लाटेत जोडनाव उलटली तर ती उलटीच राहते, आपोआप सरळ होत नाही. पण दुसरी बाजू अशी, की खाली शिसं नसल्यामुळं लाकडाची नाव पाण्यानं भरली तरी सहजासहजी बुडत नाही. जड नाव भोक पडलं की तळाला जाते. दोन्हीत धोका आहे, कोणता पत्करायचा एवढंच आपल्या हातात.

हे ऐकताना मला ब्रह्मनाळ आठवलं. २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि बायाबापड्या, लहान मुलं बुडाली. आमच्या सगळ्या पट्ट्यात त्या दिवशी चूल पेटली नाही. पुराच्या पाण्यापुढं काय टिकलं असतं ते कुणी छातीठोक सांगू नये, मीही सांगत नाही. पण एका अरुंद नावेत घाबरलेली माणसं एका बाजूला सरकली की काय होतं हे नदीकाठच्या माणसाला समजावून द्यावं लागत नाही. जुनी माणसं पुरात दोन नावा बांधून सांगड का करत, ते त्या आठवड्यात बऱ्याच जणांनी पारावर बसून आठवलं.

तर ‘तांगारोआ’ बिस्केच्या उपसागरातून, जो शरद ऋतूतल्या वादळांसाठी बदनाम आहे, स्पेनला पोचली. तिथून कॅनरी बेटं आणि मग अटलांटिक महासागर ओलांडून थेट त्रिनिदाद. हे ते त्रिनिदाद, जिथं आपल्याकडच्या उत्तरेतली गिरमिटिया मंडळी उसाच्या मळ्यात राबायला नेली होती आणि त्यांची नातवंडं-पणतवंडं आजही आहेत. तिथंच युटाला मुलगा झाला.

त्रिनिदादला राहून त्यांनी १९५७-५८ मध्ये दुसरी नाव बांधली, चाळीस फुटी. बांधकामाला बर्नार मोआतेसिए नावाचा फ्रेंच खलाशी मदतीला आला. हा पुढं जगप्रसिद्ध झाला, पण तेव्हा त्याची स्वतःची नाव फुटून गेलेली होती आणि तो रिकामा होता. दुसऱ्या नावेचं नाव ‘रोंगो’. पुतण्यानं सांगितलं, रोंगो हा तिकडं पिकवलेल्या अन्नाचा देव, म्हणजे शेतीचा. ऐकून बरं वाटलं. एवढ्या खाऱ्या पाण्याच्या गोष्टीत आपला एक देव निघाला.

‘रोंगो’चा तळ सपाट नव्हता, इंग्रजी व्ही अक्षरासारखा निमुळता होता. याचं कारण शेतकऱ्याला लगेच कळेल. शिडाच्या नावेला वारा बाजूनं ढकलतो. सपाट तळ असला की नाव आडवी घसरत जाते, पाभर जमिनीत न रुतता वरून घसरावी तशी. निमुळता तळ पाण्यात फाळासारखा रुततो आणि नाव तासातून चालल्यासारखी सरळ जाते. १९५९ मध्ये ‘रोंगो’ न्यूयॉर्कहून निघून उत्तर अटलांटिक ओलांडून परत ब्रिटनकडं आली. पश्चिमेकडून पूर्वेकडं त्या थंड, वादळी पाण्यातून जोडनावेनं केलेला हा पहिला प्रवास. १९६१ मध्ये युटा वारली. त्या दुःखाबद्दल आपण बाहेरच्यानं काय लिहायचं? पण नाव बांधणं थांबलं नाही.

इथपर्यंत एका संध्याकाळी पुतण्यानं सांगितलं तेव्हा घरची मंडळी शेंगा फोडत बसली होती. तिनं हात न थांबवता विचारलं, ‘अहो, सगळं त्या बाप्याचंच सांगताय. नाव त्यानं बांधली, नाव त्यानं नेली. ती बाई काय नुस्ती बसून आली का?’

पुतण्या म्हणाला, ‘नाही काकू, ती बांधायलाही होती आणि न्यायलाही होती.’

‘मग नावंला नाव कुणाचं लागलं?’

पुतण्यानं परत बघितलं. वॉरमच्या नावा, वॉरमचे आराखडे, वॉरम कंपनी. काकूनं नुसतं ‘हं’ केलं आणि शेंगा फोडत राहिली.

हा ‘हं’ मला सोडवेना. मग आम्ही मुद्दाम रूथचं शोधून वाचलं. महासागर ओलांडणाऱ्या पहिल्या जोडनावांवर ती खलाशी होती, पाहुणी नव्हे. साडेतेवीस फुटी नावेत पाहुण्याला जागाच नसते. रात्री पाळी करायची, सुकाणू धरायचं, भिजलेल्या अंगानं जे मिळेल ते शिजवायचं, फाटलेलं शीड शिवायचं. आणि घरी परतल्यावर नावा बांधून द्यायचा नव्हे, नावांचे आराखडे विकायचा जो धंदा सुरू झाला, त्याची पत्रं, हिशेब, लोकांच्या शंका, हे सगळं वर्षानुवर्षं तिनं सांभाळलं. आराखडा काढणारा एक असतो, पण जगाच्या दुसऱ्या टोकाला अर्धवट नाव घेऊन अडलेल्या माणसाला उलट टपाली उत्तर कुणीतरी लिहावंच लागतं.

आपल्याकडं हे नवं नाही. पेरणीपासून राशीपर्यंत शेतात बाई, आणि सातबाऱ्यावर बाप्या. शेतकरी संघटनेचं बायकांचं मोठं अधिवेशन १९८६ मध्ये चांदवडला झालं. शरद जोशींनी पुढं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्या म्हणाले. तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी खरंच करून दिला. कितीतरी जण नुसत्या टाळ्या वाजवून घरी आले. आमच्या उताऱ्यावर आता दोन नावं आहेत, ती कशी लागली तो दुसऱ्या लेखाचा विषय आहे.

मला या गोष्टीतला सगळ्यात आवडलेला भाग पुढंच आहे. १९६० नंतर वॉरम मंडळींनी ठरवलं, आपण जे केलं ते कुणालाही घरी करता आलं पाहिजे. गिरणीतला कामगार, मास्तर, नर्सबाई, ज्यांना आयुष्यात तयार नाव विकत घेता येणार नाही, अशांसाठी आराखडे काढायचे. दहा हजारांवर संच जगभर गेले. ते सगळे पुरे झाले असतील असं नाही. अर्धवट विहिरी आपल्या गावात कमी आहेत का? पण हजारो घरांच्या परसात, गोठ्यात, वखारीत नवरा-बायको संध्याकाळी कामावरून आले की रंधा घेऊन बसत, हे खरं.

घरी नाव बांधायला जोडनावच का सोयीची, याला एक साधं कारण आहे. मोठी एक-अंगी नाव रुंद असते. ती गोठ्यात बांधाल, पण दारातून बाहेर काढणार कशी? जोडनावेचं एकेक अंग लांब पण अरुंद. बोळात मावतं. एक अंग बांधून बाहेर काढून ठेवायचं, त्याच जागेत दुसरं बांधायचं, मधली आडवी लाकडं वेगळी करायची आणि सगळं गाडीवर घालून समुद्राकाठी नेऊन तिथं जोडायचं. पहिलं अंग बांधताना हात शिकतो, दुसरं त्याहून चांगलं उतरतं. थोडं थोडं, पगार होईल तसं प्लायवूड आणायचं. आपण घर बांधतो तसंच, आधी चार खण, मग पडवी.

बांधायची रीतही बघण्यासारखी. १९६३ मध्ये इंग्लंडात ‘मिरर’ नावाची छोटी नाव निघाली, ‘डेली मिरर’ वर्तमानपत्रानं ती लोकांपुढं आणली, आणि ती सत्तर हजारांवर बांधली गेली. तिची युक्ती शिवण्याची. प्लायवूडच्या दोन तुकड्यांच्या कडेला भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं टाके घालायचे, शिवण आवळली की तुकडे आपोआप नावेच्या आकारात वाकतात. मग आतून सांध्यात चिकट भरायची, वर काचेच्या धाग्याच्या कापडाची पट्टी लावायची आणि बाहेरून तार कापून टाकायची. १९८० नंतर वॉरमच्या ‘टिकी’ जातीच्या नावा अशाच शिवून करायच्या होत्या. साहेबाला हे नवं वाटलं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर शेकडो वर्षं फळ्यांना भोकं पाडून काथ्यानं शिवून गलबतं करत आले आहेत, अरबी समुद्र त्यांनीच ओलांडला. खिळा नव्हता म्हणून नव्हे. शिवलेली नाव वाळूवर आदळली तर लवते, खिळ्याची तडकते.

हीच गोष्ट आडव्या लाकडांची. दोन अंगं जोडायला वॉरमच्या पुढच्या नावांत पोलादी सांधा नाही, दोर आहे. लोकांना पटेना. एवढा समुद्र आणि दोरानं बांधलंय? पण विचार करा. लाट एका अंगाखालून जाते तेव्हा दुसरं अंग खाली असतं. प्रत्येक लाटेला सांध्याला पीळ बसतो, दिवसाला हजारो वेळा. पक्का आवळलेला बोल्ट तो सगळा पीळ एका जागी घेतो आणि तिथंच लाकूड चिरतं. दोर थोडा देतो, परत घेतो. बैलाच्या मानेवर आपण जू बोल्टनं बसवत नाही, जोत्यानं बांधतो. दोन बैलांची चाल सारखी नसते, मध्ये जरा ढील लागतेच. नाहीतर मान सोलपटते. पॅसिफिकच्या बेटकऱ्यांना हे ठाऊक होतं, उलांडी बांधणाऱ्या मालवणच्या गाबितालाही ठाऊक आहे. वॉरमचा मोठेपणा एवढाच, आणि तो लहान नाही, की त्यानं ते त्यांच्याकडून शिकलो असं उघड सांगितलं. आपल्या नावांना तो इंग्रजांचा शब्द लावण्यापेक्षा ‘दुहेरी डोण’ म्हणणं पसंत करायचा.

या घरबांधणीच्या नावा काय लायकीच्या, त्याचा एक दाखला सांगतो. ‘टिकी’तली सगळ्यात छोटी एकवीस फुटी. रोरी मॅक्डुगल नावाच्या इंग्रज पोरानं ती स्वतः बांधली, नाव ठेवलं ‘कुकिंग फॅट’, म्हणजे आपल्या भाषेत फोडणीचं तेल म्हणा. १९९१ ते १९९७ या काळात त्या फोडणीच्या तेलातून तो पृथ्वीला फेरी मारून आला. जाणकारांचं त्यावर काय म्हणणं पडलं ते मी विचारलं नाही.

जो जुना वाद होता, बेटकरी ठरवून गेले की वाहत गेले, त्याचाही निकाल मधल्या काळात लागत गेला. १९७६ मध्ये हवाईच्या लोकांनी ‘होकुलेआ’ नावाची मोठी जोडनाव हवाईहून ताहितीला नेली. वाट दाखवायला माउ पियाइलुग नावाचा मायक्रोनेशियाचा वाटाड्या होता. होकायंत्र नाही, नकाशा नाही, तारे आणि लाटांची दिशा बघून त्यानं नाव नेमकी पोचवली. वॉरम आणि रूथनं वीस वर्षं आधी जे लाकडानं सांगायचा प्रयत्न केला, ते आता त्या बेटांच्या लेकरांनी स्वतः सांगितलं. तेच जास्त बरोबर झालं.

वॉरमच्या घरात पुढं हॅनेके बून नावाची डच बाई आली. चित्रकलेचा हात तिचा. आराखड्यांची पुस्तकं तिनं अशी काढली की पायरी-पायरीनं चित्रं, कुठं करवत धरायची, कुठं टाका घालायचा, कुठल्या बाजूनं चिकट लावायची. भाषा न येणाऱ्यालाही नाव बांधता यावी. पुढच्या नावांवर वॉरम आणि बून अशी दोन नावं आहेत. मी हे घरी वाचून दाखवलं. काकू म्हणाली, ‘आता बरं लिवलंय.’

रूथ २०१३ मध्ये गेली, नव्वदी ओलांडून. वॉरम २०२१ च्या डिसेंबरात, त्र्याण्णव वर्षांचा होऊन. जायच्या आधी २०२० मध्ये त्यानं आणि हॅनेकेनं मिळून आपलं आत्मचरित्र काढलं.

त्याच्या आधीची एक गोष्ट राहिली. सॉलोमन बेटांच्या टोकाला टिकोपिया आणि अनुता अशी दोन इवलीशी बेटं आहेत. अनुतावर तर जेमतेम तीनशे माणसं. आजूबाजूला नुसतं पाणी, आणि बेटकऱ्यांजवळ मोठ्या समुद्रात जाण्याजोगी स्वतःची नाव उरलेली नव्हती. २००८ मध्ये फिलिपाइन्समध्ये दोन जोडनावा बांधल्या, त्यांना यंत्र बसवलं नाही. वॉरम तेव्हा ऐंशीचा. शिडावर चार हजार सागरी मैल जात, २००९ मध्ये त्या नावा एक टिकोपियाला आणि एक अनुताला पोचवल्या आणि बेटकऱ्यांच्या ताब्यात देऊन मंडळी दुसऱ्या वाटेनं घरी गेली. नावेची रचना त्यांच्याच वाडवडलांच्या जुन्या डोणीवरून घेतलेली होती.